मुक्या जनावराचें दुखणें आणि सोन्याचे मणी

गेल्या पोळ्याच्या आदल्या सायंकाळची गोष्ट. आमच्या नेर गांवांत घरोघरीं बैलांचे खांदे शेकण्याचें काम चाललें होतें. आमच्या वऱ्हाडांतील ही जुनी चाल आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाची असेल. वर्षभर ज्या खांद्यांनीं जूं वाहिलें, त्यांस हळद-तूप चोळावें, ऊन शेक द्यावा आणि उद्यांच्या जेवणाचें आमंत्रण बैलाच्या कानांत सांगावें, असा हा कृतज्ञतेचा विधि आहे. शेजारच्या अंगणांतील हा सोहळा मी आमच्या ओट्यावरून पाहत होतों. इतक्यांत पायरीशीं निजलेला आमचा मोत्या उठूं लागला. मोत्या म्हणजे आमचा लॅब्रॅडोर जातीचा कुत्रा. वय नऊ वर्षें. त्यानें पुढचे पाय टेकले, कंबर उचलली आणि ती तशीच खालीं टाकली. पुन्हां प्रयत्न केला, पुन्हां तेंच. तिसऱ्या खेपेस तो उठला खरा, पण मागच्या उजव्या पायावर भार न देतां चालूं लागला. तोंडांतून मात्र हूं कीं चूं नाहीं. बैलाच्या खांद्याची कळ आम्ही वर्षांतून एक दिवस तरी ध्यानांत आणतों. पण उंबऱ्याशीं निजणाऱ्या या सोबत्याचा सांधा केव्हांपासून दुखत होता, याचा मला पत्ताहि नव्हता!

दोन दिवसांत दोन सल्ले चालून आले. शेजारचे एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "गुरुजी, डाग देऊन टाका. आमच्या बुढ्या बैलाले दिला होता, आठ दिवसांत पाय टाकाले लागला." आणि पुण्यास नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्यानें दूरध्वनीवरून सांगितलें, "काका, परदेशांत कुत्र्यांच्या सांध्याभोंवतीं सुईनें सोन्याचे बारीक मणी बसवतात. एकदां बसवले कीं जन्मभर पुरतात. खर्चाची काळजी करूं नका." एकाच्या हातीं तापलेलें लोखंड, दुसऱ्याच्या हातीं सोनें! मी कांहीं वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहें. परंतु ज्याला बोलतां येत नाहीं त्याच्या अंगावर काय करावें, हें ठरविण्यापूर्वीं चौकशी करणें हें आपलें कर्तव्य आहे, असें मला वाटलें. त्या चौकशींत जें हातीं लागलें, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम सांधा म्हणजे काय तें पाहूं. बैलगाडीच्या चाकांत आंस फिरतो; त्याला वंगण नसेल तर चाक करकरतें आणि आंसहि झिजतो. कुत्र्याच्या कंबरेचा सांधा असाच, पण उखळीच्या आकाराचा आहे. मांडीच्या हाडाचा वाटोळा गोळा कंबरेच्या हाडांतील खळग्यांत बसतो. दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचें अस्तर असतें आणि मध्यें चिकट वंगणरस असतो. लॅब्रॅडोर, अल्सेशियन यांसारख्या मोठ्या जातींच्या पुष्कळ कुत्र्यांत हा खळगा वाढीच्या वयांतच उथळ राहतो. गोळा त्यांत सैल बसतो, घसटतो आणि कालांतरानें कूर्चा झिजते. झिजलेल्या जागीं हाडाला खडबडीत कंगोरे फुटतात, सांध्याचें वेष्टन सुजतें आणि प्रत्येक पावलागणिक कळ येते. झिजलेली कूर्चा पुन्हां पूर्ववत् करणारें औषध अद्याप कोणापाशींहि नाहीं. उपाय करावयाचा तो वेदनेवर आणि सांध्यावर पडणाऱ्या भारावर. ही गोष्ट मनांत पक्की ठेवली, म्हणजे पुढील सर्व उपायांचें मोल करणें सोपें जाईल.

आतां डागाकडे वळूं. डाग देणें ही केवळ अडाण्यांची कल्पना आहे, असें समजण्याचें कारण नाहीं. सुश्रुतसंहितेंत अग्निकर्माचें वर्णन आहे आणि सांधे व अस्थि यांच्या वेदनेवर तें सांगितलेलें आहे. युरोपांतहि लंगड्या घोड्यांच्या पायांस तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची रीत शतकानुशतकें चालू होती. आपल्याकडे कंबरेस किंवा गुडघ्यास बिब्बा लावतात, त्यामागेंहि हीच समजूत आहे. कातडीवर तीव्र चेतना निर्माण केली असतां आंतील कळ कांहीं काळ दबते, हें खरेंच आहे. पाय ठेंचाळला कीं आपण तो चोळतों, तें याचसाठीं. परंतु कळ दबण्यासाठीं कातडी जाळण्याची गरज नाहीं. भाजलेल्या जागीं जखम चिघळते, किडे पडतात, आणि जनावराला एका दुखण्याच्या जागीं दोन दुखणीं होतात.

मग शेजाऱ्यांचा बैल बरा कसा झाला? याचें उत्तर मला माझ्याच बालपणांत सांपडलें. माझ्या वडिलांच्या ढवळ्या बैलाला असाच डाग दिलेला मीं लहानपणीं पाहिला आहे. चार माणसांनीं त्याला दोरांनीं पाडलें होतें. त्याचा तो हंबरडा अजून माझ्या कानांत आहे. तोहि पंधरवड्यानें चालूं लागला आणि सर्वांनीं डागाची वाहवा केली. परंतु जखम भरेपर्यंत ते पंधरा दिवस त्याच्या मानेवर जूं ठेवलें नव्हतें, ही गोष्ट कोणाच्याच लक्षांत आली नाहीं. गुण विश्रांतीचा होता. यश मात्र लोखंडाच्या पदरांत पडलें. श्रोतेहो, हा जो हिशेबाचा घोटाळा आहे, तो कृपा करून ध्यानांत असूं द्या. सोन्याच्या मण्यांची परीक्षा करतांना आपणांस याच घोटाळ्याशीं पुन्हां गांठ घ्यावी लागणार आहे.

सोन्याचे मणी ही कल्पना निघाली ती चीनमधील सुया टोंचण्याच्या विद्येंतून. इंग्रजींत तिला ॲक्युपंक्चर म्हणतात. आपण तिला सूचिवेध म्हणूं. शरीरावर ठराविक बिंदु आहेत आणि त्यांत बारीक सुया टोंचल्या असतां दूरच्या अवयवांची वेदना शमते, असें ही विद्या मानते. माणसांप्रमाणें पशूंवरहि तिचा प्रयोग जुना आहे. १६०८ सालच्या एका प्रसिद्ध चिनी अश्ववैद्यकाच्या ग्रंथांत घोड्यांच्या सूचिवेधाची माहिती दिलेली आहे.

ही विद्या आपल्या देशांत आली त्या कथेशीं महाराष्ट्राचा व विदर्भाचा एक धागा जोडलेला आहे. १९३८ सालीं जपानी आक्रमणानें होरपळलेल्या चीनच्या साहाय्यार्थ राष्ट्रीय सभेनें पांच डॉक्टरांचें एक पथक पाठविलें. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, आमच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीसांनीं १९४२ सालीं चीनमध्येंच देह ठेवला, हें सर्वश्रुत आहे. बसू मायदेशीं परतले. पुढें ते पुन्हां चीनला गेले असतां तेथें ही सूचिवेधाची विद्या शिकले आणि १९५९ सालीं त्यांनीं कलकत्त्यास तिचा आरंभ केला. रणांगणावरील सेवेंतून जडलेल्या स्नेहाचें हें एक अनपेक्षित फळ होय.

सुई टोंचल्यानें वेदना कां शमावी? जुने चिनी वैद्य शरीरांतून वाहणाऱ्या एका जीवनशक्तीचे मार्ग कल्पितात. आधुनिक शरीरशास्त्राला असे मार्ग सांपडलेले नाहींत. पण त्यानें दुसरीं दोन कारणें सुचविलीं आहेत. कॅनडांतील मेलझॅक आणि इंग्लंडांतील वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं असें मत मांडलें कीं, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत वेदनेच्या वार्तेसाठीं जणूं एक फाटक असतें. त्वचेकडून दुसरी चेतना आली कीं तें अंशतः मिटतें. दुसरें कारण असें कीं, टोंचणीनें शरीर स्वतःच अफूच्या जातीचीं वेदनाशामक द्रव्यें निर्माण करतें. मात्र सुई काढली कीं हा परिणाम हळूंहळूं ओसरतो आणि पुन्हां पुन्हां टोंचून घ्यावें लागतें. माणूस हें सहन करील. कुत्र्याला दर आठवड्यास धरून बसविणें कठीण. म्हणून सुईच्या जागीं कायमचें कांहींतरी ठेवून द्यावें, ही युक्ति निघाली. अमेरिकेंत १९७४ सालीं पशूंच्या सूचिवेधाची एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि त्याच सुमारास तेथील ग्रेडी यंग या पशुवैद्यानें कुत्र्यांच्या कंबरेच्या सांध्याभोंवतीं सोनें बसविण्यास आरंभ केला. तेथून ही रीत जर्मनी, डेन्मार्क, नॉर्वे इत्यादि देशांत पसरली.

तिची कृति अशी आहे. प्रथम सांध्याचें क्ष-किरण चित्र घेतात. नंतर कुत्र्याला गुंगी किंवा भूल देतात, कारण सुई जाड असते आणि जनावर हलतां कामा नये. सांध्यावरील केंस काढून जागा निर्जंतुक करतात. मग ठरलेल्या बिंदूंवर पोकळ सुई स्नायूंत खोलवर घालून तिच्यांतून शुद्ध सोन्याचे तुकडे आंत सोडतात. ते सांध्याच्या आंत नव्हे, सांध्याभोंवतीं राहतात. सुई काढली कीं झालें; टांका घालावा लागत नाहीं. मणी जन्मभर तेथेंच राहतात आणि पुढें केव्हांहि क्ष-किरण चित्र काढलें तरी पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

आपल्याकडे सोन्याचें नांव काढलें कीं मनांत पहिला प्रश्न किंमतीचा उभा राहतो. मास्तरकीची संवय म्हणून मीं गणित मांडून पाहिलें. एक मिलिमीटर जाडीचा व दोन मिलिमीटर लांबीचा मणी घेतला, तर त्याचें वजन सुमारें तीस मिलिग्रॅम, म्हणजे एका गुंजेचा चौथा हिस्सा भरतें. तेव्हां खरा खर्च सोन्याचा नव्हे. तो भुलीचा, क्ष-किरणांचा आणि जाणत्या हाताचा आहे.

परंतु सोनेंच कां? सोनें गंजत नाहीं आणि शरीर त्याला सहसा नाकारीत नाहीं, हें एक कारण. दुसरें कारण इतिहासांत आहे. १८९० सालीं जर्मनीचा विख्यात शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यानें सोन्याच्या एका क्षारानें क्षयाच्या जंतूंची वाढ खुंटते असें नळींतील प्रयोगांत पाहिलें. १९२९ सालीं फ्रान्समधील फॉरेस्तिए या वैद्यानें माणसांच्या संधिवातावर सोन्याच्या क्षारांच्या सुया दिल्याचें प्रसिद्ध केलें, आणि अनेक दशकें तो उपचार जगभर चालला. मूत्रपिंडावर व त्वचेवर त्याचे दुष्परिणाम होत. अधिक चांगलीं औषधें निघाल्यावर तो मागें पडला. तिसरी गोष्ट अलीकडची. डेन्मार्कमधील आर्हुस येथील संशोधकांनीं या शतकाच्या आरंभीं असें दाखविलें कीं, शरीरांतील भक्षक पेशी धातुरूप सोन्याच्या पृष्ठभागावर बसून त्यांतील अत्यल्प अंश विरघळवितात, आणि तो अंश भोंवतालच्या पेशींत शिरतो. यामुळें जवळपासची सूज कमी होत असावी, असा तर्क आहे. मात्र येथें एक सावधगिरी हवी. संधिवात हा शरीराच्या संरक्षक शक्तीनें स्वतःवरच उलटण्याचा विकार आहे. मोत्याचा सांधा सैलपणानें झिजलेला आहे. एकाला लागू पडलेलें औषध दुसऱ्याला लागू पडेलच असें नाहीं. आणि आपल्याकडे सुवर्णभस्माला मान आहे, म्हणून सुवर्णाचे मणीहि गुणकारी असलेच पाहिजेत, हा तर मुळींच पुरावा नव्हे.

मग पुरावा कोणता? येथें आपण आजच्या विषयाच्या गाभ्याशीं येतों. माणसाला औषध दिलें तर "बरें वाटतें" कीं "नाहीं वाटत" हें तो सांगतो. कुत्र्याच्या वतीनें सांगणार कोण? त्याचा मालक. आणि मालकानें पैसे खर्च केलेले असतात, आशा धरलेली असते. त्याच्या डोळ्यांस सुधारणा दिसूं लागते. शिवाय सांधेदुखीला भरती-ओहोटी असते. कळ अति झाली म्हणजेच आपण वैद्याकडे धांव घेतों, आणि भरतीनंतर ओहोटी यावयाचीच असते. तिचें श्रेय त्या दिवशींच्या उपचाराला जातें. ढवळ्या बैलाच्या डागाची तीच कथा.

हा मोह टाळण्यासाठीं शास्त्रज्ञ झांकल्या मुठीची परीक्षा घेतात. कुत्र्यांचे दोन गट करतात. एका गटांत खरोखर सोनें घालतात. दुसऱ्या गटाचीहि तशीच भूल, तशीच केंस काढणी, तशीच टोंचणी होते, पण सोनें घालीत नाहींत. कोणता कुत्रा कोणत्या गटांतला हें मालकालाहि ठाऊक नसतें आणि पुढें त्याला तपासणाऱ्या वैद्यालाहि ठाऊक नसतें. अशी एक परीक्षा फिनलंडांत झाली. ती २००१ सालीं प्रसिद्ध झाली. अडतीस कुत्रे होते, एकोणीस इकडे, एकोणीस तिकडे. चोवीस आठवड्यांनीं सोनें घातलेले कुत्रे स्पष्टपणें सुधारले होते. परंतु सोनें न घातलेलेहि सुधारले होते, आणि दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता! पुढें २००६ सालीं नॉर्वेमधील मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. तींत अठ्ठ्याहत्तर कुत्रे होते आणि मुदत सहा महिन्यांची होती. तेथें मात्र सोनें घातलेल्या कुत्र्यांची वेदना दुसऱ्या गटापेक्षां अधिक कमी झालेली आढळली. त्यांतील बहुतेक कुत्र्यांवर पुढें आणखी अठरा महिने नजर ठेवली गेली आणि गुण टिकला असें दिसलें. पण त्या पुढच्या काळांत मूठ उघडलेली होती, म्हणजे सोनें कोणाला घातलें आहे हें मालकांस कळलेलें होतें.

एक परीक्षा 'नाहीं' म्हणते, दुसरी 'आहे' म्हणते. दोहोंची संख्या शंभराच्या आंतली. अशा वेळीं प्रामाणिक माणसानें काय म्हणावें? मी असें म्हणेन कीं, या उपचारांत कांहीं तथ्य असण्याचा संभव आहे, पण तें सिद्ध झालेलें नाहीं. "जन्मभर पुरतात" हें मण्यांविषयीं खरें आहे. गुणाविषयीं तसें छातीठोकपणें सांगण्याइतका आधार नाहीं. आणि खळगा उथळ तो उथळच राहतो; सोनें हाडाचा आकार बदलीत नाहीं.

मालकाचे डोळे किती फसतात याचेंहि मोजमाप झालें आहे. अमेरिकेंत २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सांधेदुखीच्या अठ्ठावन्न कुत्र्यांस औषध म्हणून औषध नसलेल्या गोळ्या दिल्या होत्या. पाय टेकतांना जमिनीवर किती भार पडतो तें मोजणारी यांत्रिक पाटीहि तेथें होती. मालकांच्या निवाड्यांत शेंकडा सुमारें चाळीस वेळां हा आशेचा भ्रम आढळला. आपणांस वाटेल, मालक भाबडे असतात. पण तपासणारे पशुवैद्यहि जवळजवळ तितक्याच प्रमाणांत फसले होते!

याचा अर्थ हातावर हात ठेवून बसावें असा नाहीं. ज्यांविषयीं शंका उरलेली नाहीं असे उपाय आहेत, आणि ते आधीं करावे. पहिला उपाय वजनाचा. अमेरिकेंत लॅब्रॅडोर जातीच्या अठ्ठेचाळीस कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. जोड्या लावून प्रत्येक जोडींतील एका कुत्र्यास दुसऱ्यापेक्षां चतुर्थांश अन्न कमी दिलें. कमी खाणारे मध्यम मानानें तेरा वर्षें जगले, अधिक खाणारे सव्वाअकरा वर्षें. आणि कमी खाणाऱ्यांची सांधेदुखी पुष्कळ उशिरां सुरू झाली. म्हणजे ताटांतून काढून ठेवलेला चतकोर हें औषध कोणाहि गरिबाला परवडणारें आहे.

दुसरा उपाय जमिनीचा. गुळगुळीत फरशीवर दुखरा पाय घसरतो आणि सांध्याला हिसका बसतो. तेथें गोणपाट किंवा सतरंजी पसरावी; निजावयास जाड, कोरडें अंथरूण द्यावें. तिसरा उपाय चालण्याचा. रोज थोडें थोडें, बेताचें चालवावें; चार दिवस बांधून ठेवून पांचव्या दिवशीं शेतभर पळवूं नये.

चौथा उपाय वेदनाशामक औषधांचा, आणि येथें मला हात जोडून एक विनंती करावयाची आहे. आपल्या कपाटांतील माणसांच्या गोळ्या जनावराला देऊं नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांनीं कुत्र्याच्या पोटांत व्रण पडतात व मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. पॅरासिटमॉलची एक गोळीहि मांजराचा प्राण घेऊं शकते. डायक्लोफिनॅकची गोष्ट तर आपल्या देशाला फार महाग पडली आहे. लंगड्या व तापलेल्या गुरांस तें सर्रास टोंचलें जाई. अशीं गुरें मेल्यावर त्यांचें मांस खाणारीं गिधाडें मूत्रपिंडें बिघडून मरत. हें कारण २००४ सालीं उघड झालें, आणि २००६ सालीं भारत सरकारनें पशूंसाठीं त्या औषधावर बंदी घातली. तोंवर पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा नव्याण्णवांहून अधिक नाहींशीं झालीं होतीं. त्याऐवजीं मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांस निर्धोक ठरलें आहे आणि कुत्र्यांच्या सांधेदुखीवरहि तें वापरतात. पण तेंहि पशुवैद्यानें रक्त तपासून, वजन मोजून ठरवावयाचें आहे.

हे चारहि उपाय करून भागलें नाहीं, तर सोन्याचा विचार अवश्य करावा. परंतु तो करणारा हात नोंदणीकृत पशुवैद्याचा असला पाहिजे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या कायद्यानें जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार मुख्यतः अशाच वैद्यांस दिला आहे. त्यांना नम्रपणें चार प्रश्न विचारावे. लंगडण्याचें कारण खरोखर सांध्यांतच आहे, हें क्ष-किरण चित्रानें ठरलें आहे काय? या वयांत भूल सोसेल काय? जागा पिकली किंवा मणी सरकला तर पुढें काय? आणि गुण आला कीं नाहीं हें कशावरून ठरवावयाचें? जो या प्रश्नांनीं रागावतो आणि खात्रीच्या शपथा घेतो, त्याच्याकडून आपलें जनावर परत आणावें हेंच बरें. माझ्या एका स्नेह्याला असाच एक भोंदू भेटला होता. त्यानें न तपासतां, केवळ पायावर हात फिरवून, धातूच्या तारेचा गुण सांगून पैसे घेतले. त्या कुत्रीच्या पायांत कांटा मोडला होता, हें नंतर कळलें.

शेवटचा प्रश्न, गुण कशावरून ठरवावा, याविषयीं आमच्या घरांतील एक लहानसा अनुभव सांगतों. मोत्याचें दुखणें लक्षांत येतांच आमच्या घरांतून त्याच्या कंबरेस रोज दुपारीं तेल चोळण्यास प्रारंभ झाला. तिसऱ्याच दिवशीं मला त्याची चाल सुधारल्यासारखी वाटली आणि मीं तसें चारचौघांत सांगितलेंहि. माझी नात सातवींत आहे. तिला मीं एक वही दिली होती. रोज सकाळीं मोत्या कितव्या प्रयत्नांत उठतो आणि ओट्याच्या तीन पायऱ्यांपैकीं किती चढतो, एवढेंच तिनें लिहावयाचें. दुपारीं ती शाळेंत असे. तेलाची वार्ता तिला नव्हती. दहा दिवसांनीं मीं वही पाहिली. पहिल्या दिवशीं तीन प्रयत्न, दहाव्या दिवशीं तीन प्रयत्न. पायरी एक ती एकच. सुधारणा मोत्याच्या पायांत नव्हती, माझ्या डोळ्यांत होती! चाळीस वर्षें मुलांच्या वह्या तपासल्या. त्या दिवशीं नातीच्या वहीनें माझी परीक्षा घेतली आणि मी नापास झालों.

पुढें आम्ही मोत्याला नागपूरला नेलें. तेथील पशुवैद्यांनीं क्ष-किरण चित्र काढलें. दोन्ही खळगे उथळ आहेत आणि उजवा अधिक झिजला आहे असें दाखविलें. वजन एकेचाळीस किलो भरलें. "गुरुजी, हें तेहतीसवर आणा, मग सोन्याचें बोलूं," असें ते हंसून म्हणाले. त्यांनीं रक्त तपासून थोड्या दिवसांचें औषध दिलें आणि खाण्याचें माप ठरवून दिलें. माझ्या ताटांतून मोत्याला मिळणारी तूप-पोळी बंद झाली. याचें दुःख त्याच्याइतकेंच मलाहि झालें. पांच महिन्यांत वजन पस्तीसवर आलें आहे. वहींत आतां बहुतेक दिवशीं एकच प्रयत्न आणि तीनहि पायऱ्या अशी नोंद असते. थंडीच्या दिवसांत मात्र अधूनमधून दोनचा आंकडा येतो. एका कुत्र्यावरून सिद्धान्त बांधतां येत नाहीं हें मी जाणतों. पण आमच्या मोत्यापुरतें काय चाललें आहे हें मला आतां माझ्या आशेवरून नव्हे, आंकड्यांवरून कळतें.

सोन्याचे मणी आम्हीं अद्याप घातलेले नाहींत. पुढें वही वाईट बोलूं लागली, तर घालण्याचा विचार करूं. आणि घातले तरी वही चालूच राहील. श्रोतेहो, आपल्या दारीं बैल असो, गाय असो, कुत्रा असो. तो लंगडूं लागला तर लोखंड तापविण्यापूर्वीं आणि सोनें आणण्यापूर्वीं एक वही आणा. घरांतील लहान मुलाच्या हातीं ती द्या. जनावर कितव्या प्रयत्नांत उठतें, किती चालतें, चारा टाकतें काय, हात लावूं देतें काय, हें त्याला रोज लिहूं द्या, आणि ती वही घेऊन वैद्याकडे जा. पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपण बैलाच्या कानांत आपलें निमंत्रण सांगतों. त्याला आपणांस जें सांगावयाचें असतें, तें ऐकण्याची सोय उरलेल्या दिवसांत आपणच करून ठेवली पाहिजे.